तेवढी एकच खिडकी

"तेवढी एकच खिडकी बंद करा," माझी बायको उज्ज्वला कानाशी येऊन म्हणाली. "बाकीचं राहू द्या. आत गेलोय तसेच आत राहू."

जिन्यावर अण्णांची पावलं वाजत होती. माझा थोरला भाऊ. त्यांची चाल मी झोपेतही ओळखली असती, एका पायरीवर दोन पावलं टाकत चढणारी. सेलमला त्यांचं सोनं वितळवून शुद्ध करायचं, गलाईचं दुकान होतं. वर्षातून दोनदा, तेही आधी कळवून यायचे. या वेळी कळवलं नव्हतं.

विट्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता, अण्णांच्याच जागेत, पहिल्या मजल्यावर. शनिवारची सकाळ होती. अकराची बॅच मी घरी पाठवली होती. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर ब्राउझरच्या तीन खिडक्या उघड्या होत्या. एकीत मुलांच्या परीक्षेची हॉलतिकिटं, दुसरीत पेपर, आणि सगळ्यांच्या वर तिसरी. तिच्यात अडीच वर्षांच्या एका मुलीचा फोटो होता. फ्रॉकला दोन बटणं, एक लागलेलं, एक नाही. फोटोखाली नाव, चैताली. त्याच्याखाली डॉक्टरी अहवाल आणि अगदी तळाला दोन चौकोन, होय आणि नाही.

दत्तकासाठी आम्ही दीड वर्षापूर्वी नाव घातलं होतं. गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी निरोप आला, की तुमच्यासाठी बाळ आहे, अठ्ठेचाळीस तासांत कळवा. शुक्रवारी आम्ही अहवाल घेऊन सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, म्हणाले. मशीन लावलं की ऐकेल, शिकवलं की बोलेल, पण तुम्हाला कष्ट आहेत. परतीच्या एसटीत उज्ज्वला विट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. शनिवारी सकाळी चहा ठेवता ठेवता उज्ज्वला एवढंच म्हणाली, "आज हो म्हणायचं."

साइट त्या दिवशी धड चालत नव्हती. आत शिरायला तासभर लागला होता. आता फक्त तो चौकोन दाबायचा होता, आणि अण्णा जिन्यात होते. घरी आम्ही यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

"अहो, लवकर," उज्ज्वला म्हणाली. "ते गेले की परत उघडू."

मी माउस वर नेला. मेन्यू उघडला. खाली सरकलो. सगळ्यात शेवटची ओळ दाबली.

पडदा रिकामा झाला. तिन्ही खिडक्या गेल्या. मागचं निळं चित्र तेवढं उरलं. उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी अण्णा दारात उभे राहिले.

"काय मास्तर," ते म्हणाले, "शनिवारी पोरं न्हाईत व्हय?"

"सुट्टी दिली," मी म्हणालो. "तुम्ही अचानक?"

"यायला लागलं." अण्णा खुर्ची ओढून बसले. "उज्ज्वला, च्या मिळंल का ग?"

ती आतल्या खोलीत गेली. चहाचं सामान तिथंच असायचं. मी अण्णांना सेलमचं विचारलं, दुकानाचं विचारलं, आणि बोलता बोलता ब्राउझर पुन्हा उघडून साइटवर गेलो. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. लाल अक्षरांत ओळ आली. तुमचे खाते आधीच उघडलेले आहे, काही वेळाने प्रयत्न करा. बाहेर न पडता सगळंच बंद केलं होतं, त्यामुळे साइटच्या लेखी आम्ही अजून आतच होतो. परत दारात येऊन उभे राहिलेलो आम्ही तिला दुसरेच कुणीतरी वाटत होतो.

"आई फोनवर म्हणत हुती," अण्णांनी आवाज थोडा खाली आणला, "तुम्ही कुठं फॉर्म भरलाय म्हणून. पोराचा. कुणीतरी तिला सांगितलं."

आत कपांचा आवाज थांबला.

"नाही हो," मी म्हणालो. "नुसती चौकशी केली होती."

"मग ठीक हाय. मी म्हटलं, बाहेरचं आणण्यापरीस माझा संग्राम हाय की. आठ वर्षांचा हाय. तुमच्याकडं राहील, हितल्या शाळेत जाईल. पायजे तर कागद करू. घरातलंच असलं की कुणाला काय सांगत बसायला नको."

"बघू," मी म्हणालो.

उज्ज्वला दोन कप घेऊन आली. एक अण्णांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. स्वतःसाठी केलाच नव्हता. खुंटीवरची पर्स आणि कपाटावरची निळी फाइल तिनं काखेत घेतली.

"मी जरा स्टँडकडं जाऊन येते," ती म्हणाली.

"उन्हाचं कशाला?" अण्णा म्हणाले.

"काम आहे."

तिचा मोबाइल टेबलावरच राहिला. मी तो बघितला, पण तिला हाक मारली नाही.

अण्णा चहा पिऊन उठले नाहीत. संग्रामच्या अभ्यासाचं बोलले, सेलमच्या हवेचं बोलले. मी हो हो म्हणत होतो आणि भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. मध्येच उठून मी प्रिंटरमधला कागद काढला आणि परत तसाच ठेवला. साडेबाराला अण्णा म्हणाले, "चल, आई जेवायला थांबली आसंल. उज्ज्वला येईल मागनं."

मी त्यांच्या गाडीत बसलो. का बसलो ते आजही मला नीट सांगता येणार नाही. गाव विट्यापासून दहा किलोमीटर. गाडी स्टँडवरून गेली तेव्हा शकील मुल्लाच्या सायबर कॅफेच्या पायरीशी मला उज्ज्वलाच्या चपला दिसल्या. अंगठ्याला तांबडा टाका घातलेली डावी चप्पल. शकील माझा जुना विद्यार्थी. काचेच्या दारामागे काही दिसत नव्हतं. अण्णांनी गिअर बदलला आणि आम्ही पुढे गेलो.

ती कशाची वाट बघत बसली असेल, ते मला माहीत होतं. साइटवर नाव ती टाकू शकत होती. पासवर्ड मी ठरवला होता आणि दर वेळी मीच टाकायचो. तिनं कधी विचारला नव्हता.

आईनं अख्खा मसूर केला होता आणि गरम भाकरी. अण्णा चवीनं जेवत होते. माझा खिशातला फोन थरथरला. शकीलचा नंबर. मी उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा थरथरला. मी तो मांडीखाली सारला.

"जेव की," आई म्हणाली. "भाकरी कुस्करून ठेवलीयास नुसती."

"जेवतोय."

"उज्ज्वला का न्हाई आली?"

"काम होतं तिला."

"शनिवारचं कसलं काम?"

मी पाणी प्यायलो. अण्णा आईला सांगत होते, की बोललोय मी त्याच्याशी, नुसती चौकशी हुती म्हणं. आईनं बरं म्हटलं आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते बघून मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. चार दहापर्यंत मी असाच बसून राहिलो असतो, तर काही करायचीच गरज नव्हती. साइटनं आपोआप फोटो काढून घेतला असता आणि पुढच्या कुणाला तरी दाखवला असता. सोपं होतं. फक्त बसायचं होतं.

जेवण झाल्यावर अण्णा पडवीत आडवे झाले. मी उठलो, परत बसलो, परत उठलो. परड्यात गेलो. हौदाशी उभं राहून हात दुसऱ्यांदा धुतले. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी शकीलला फोन लावला.

"सर, वहिनी कधीपासनं बसल्यात," शकील म्हणाला. "साइट आता चालू झालीया. पासवर्ड म्हणत्यात."

"फोन दे त्यांना."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

"उज्ज्वला, पासवर्ड सांगतो. लिहून घे."

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"फोनवर नको. तुम्ही या आणि टाका."

"अगं, तास उरलाय. मी गावात आहे. वेळ कमी आहे."

"म्हणूनच या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी आईला क्लासला जातो म्हणालो. फाट्यावर विट्याला जाणारं वडाप उभं होतं, पण जीपमध्ये माझ्याशिवाय दोन म्हाताऱ्या आणि एक कोंबडीवाला. ड्रायव्हर बॉनेटला टेकून मावा मळत होता.

"कधी सुटणार?"

"भरली की."

"किती पाहिजेत अजून?"

"आठ तरी."

रस्त्यावर कुणी नव्हतं. मी जीपमधून उतरून वळणापर्यंत चालत गेलो, कुणी येतंय का बघायला. परत आलो. म्हाताऱ्यांपैकी एक माझ्याकडे बघून म्हणाली, "बस की बाबा, तू फिरल्यानं गाडी सुटती व्हय?" मी बसलो. घड्याळ बघितलं. उतरलो. तीन पंचवीस झाले. चालत निघावं का, असा विचार मनात आला. दहा किलोमीटर. मी चालायला लागलोसुद्धा.

मागून हॉर्न वाजला. अण्णांची गाडी.

"क्लासला जायची एवढी घाई?" त्यांनी काच खाली केली. "उन्हातनं पळतोयस ते?"

मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. दम लागला होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. आणि मला कळलं, की आता आणखी एक खोटं सुचत नाहीये.

"नुसती चौकशी नव्हती," मी म्हणालो. "मुलगी आहे, अण्णा. अडीच वर्षांची. चार दहापर्यंत हो म्हणायचंय. उज्ज्वला तिकडं बसलीये."

अण्णा समोरच्या काचेतून बघत राहिले.

"कुणाची?"

"माहीत नाही."

"आन?"

"ऐकू कमी येतं तिला. दोन्ही कानांनी."

"हे सकाळी का न्हाई बोललास?"

अण्णांनी डावा हात लांब करून पलीकडचं दार आतून उघडलं.

"मला पटलेलं न्हाई," ते म्हणाले. "पर बस."

ते गाडी नेहमी सावकाश चालवायचे. त्या दिवशी खड्डे बघितले नाहीत. रस्त्यात एकदाच बोलले. म्हणाले, "मला भितोस व्हय रं तू अजून?" मी खिडकीबाहेर बघत होतो. तेच पुढे म्हणाले, "चाळिशी आली तुझी."

शकीलच्या कॅफेत तीन कॉम्प्युटर होते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे उज्ज्वला बसली होती, पाठ ताठ, फाइल मांडीवर. पडद्यावर नाव टाकलेलं होतं आणि त्याखालचा चौकोन मोकळा. तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. अण्णा दाराशीच थांबले.

ती उठली नाही. मान वळवून शकीलला म्हणाली, "शकील, सरांच्या क्लासला तू किती दिवस होतास?"

"तीन महिने, वहिनी."

"एक खिडकी कशी बंद करायची आणि सगळं कसं बंद करायचं, हे कधी शिकवलं होतं?"

शकील हसला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. "ते व्हय? पहिल्याच दिवशी. सर फळ्यावर घर काढायचे. कोपऱ्यातली फुली म्हंजे एक खिडकी लावायची. एक्झिट म्हंजे घराला कुलूप. सर म्हणायचे, हे चुकलं तर डोळं झाकून दुसऱ्या क्लासला जा."

कुणी हसलं नाही, तसा तो पुढच्या टेबलाकडे गेला.

"मीही त्याच बॅचमधून शिकले," उज्ज्वला म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुम्ही दिवसाला चाळीस जणांना ते शिकवता. सकाळी काय झालं?"

मला वाटलं होतं, की आलो, पासवर्ड टाकला, की सकाळचं राहून जाईल. गडबडीत झालं, अण्णा जिन्यात होते, हात चुकला. हे सगळं मी गाडीत तयार केलं होतं.

"चुकून नाही झालं," मी म्हणालो.

ती वाट बघत राहिली.

"मला माहीत होतं, सगळं बंद केलं की परत लवकर आत जाता येणार नाही. तेवढ्यात वेळ संपेल असं वाटलं. म्हणजे मग आपल्यापैकी कुणालाच नाही म्हणावं लागलं नसतं. साइटनंच म्हटलं असतं."

"तुम्हाला नको आहे ती?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"सगळ्याचीच. तिला बोलायला शिकवायचं, ते जमलं नाही तर. लोक विचारतील. अण्णा, आई. आणि तिला मी आवडलोच नाही तर."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात आधी कधी आलंच नव्हतं. बोलल्यावर ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

उज्ज्वलानं फाइल टेबलावर ठेवली. "भीती मलाही वाटते. काल एसटीत मी सांगली ते विटा एकच हिशेब करत होते, की ही रडली तर कशी उगी करायची, हाक ऐकू येत नाही त्या पोरीला. म्हणून तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. मी ऐकून घेईन. कसं, ते मला माहीत नाही, पण घेईन. फक्त चुकून झालं असं मला आयुष्यभर सांगत राहू नका."

ती खुर्चीतून उठली आणि बाजूला झाली. मी बसलो. माझ्या हाताला घाम आला होता, त्यामुळे पहिल्यांदा पासवर्ड चुकला. त्या वेळी मात्र तो खरोखर चुकला. दुसऱ्यांदा मी एकेक अक्षर बघून टाकलं. पान उघडायला लागलं. वरून खाली, फार हळू, फोटो आला. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. ते लागलेलं बटण आणि ते न लागलेलं.

"ही का?" माझ्या डोक्याच्या मागून अण्णांचा आवाज आला. ते कधी आत आले होते, कळलं नाही.

"ही," उज्ज्वला म्हणाली.

अण्णा वाकून बघत राहिले. "एक बटण लावलेलं न्हाई तिचं," ते म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे गेले.

मी होय दाबलं. पान अडकलं. गोल चक्र फिरत राहिलं. उज्ज्वलाचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो मला शर्टातून जाणवत होता. तीन अठ्ठावन्न. तीन एकोणसाठ. चार. बाहेर कुठल्याशा एसटीचा कंडक्टर भिवघाट, भिवघाट ओरडत होता. चार वाजून दोन मिनिटांनी हिरव्या अक्षरांत ओळ आली, की आपली संमती नोंदवली आहे. शकीलनं न सांगता तिची प्रिंट काढून आणली.

उज्ज्वला ती हातात धरून बाहेर पायरीवर बसली आणि चप्पल घालता घालता रडायला लागली. मी शेजारी बसलो. अण्णा पायरी उतरून समोर रसवंतीच्या सावलीत पाठमोरे उभे राहिले, बराच वेळ.

बावीस दिवसांनी आम्ही नांदेडला जाऊन चैतालीला घेऊन आलो. नाव तेच ठेवलं. आईनं आठ-दहा दिवस तिला नुसतं लांबून बघितलं, नंतर एकदा न्हाऊ घातलं, आणि मग ते कामच तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. कानाच्या मशीनसाठी आम्ही सांगलीच्या किती खेपा केल्या त्याला मोजमाप नाही. अण्णांनी संग्रामचा विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यांना ते पटलं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवाळीला सेलमहून येताना मात्र फ्रॉक आणतात, आणि ती आता फ्रॉक घालत नाही हे त्यांना कुणी सांगत नाही.

त्या सकाळबद्दल उज्ज्वला माझ्याशी नंतर एकदाही बोलली नाही. टोमणा म्हणूनसुद्धा नाही.

याला दहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात चैताली शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि ओट्यापाशी येऊन उभी राहिली. उज्ज्वला गवारी मोडत होती, मी शेजारी पेपर वाचत होतो. चैताली बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघते, त्यामुळे तिच्याशी तोंड फिरवून बोलता येत नाही.

"बाबा," ती म्हणाली, "माझा फोटो पहिल्यांदा बघितला, तेव्हा तुम्ही लगेच हो म्हणालात का?"

उज्ज्वलाचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. उत्तर तिनं माझ्यावरच ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "आई म्हणाली. मी त्या दिवशी आधी नाही म्हणायचा प्रयत्न केला. मग हो म्हणालो."

"मध्ये किती वेळ गेला?"

"चार तास. थोडे जास्तच."

"का?"

"घाबरलो होतो. तुला मी आवडणार नाही असं वाटलं."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, मी आणखी काही म्हणतोय का म्हणून. मग तिनं ताटातली एक कच्ची गवारीची शेंग उचलून तोंडात टाकली.

"चारच तास?" ती म्हणाली. "मी तर तुमच्याजवळ यायला सात महिने लावले. आईनं सांगितलंय मला."

आणि हातपाय धुवायला निघून गेली.